आडोशाची जागा

वेबर्टन, ओहायो
९ जुलै

प्रिय लीलंड,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे निदान कचऱ्यात टाकलं नाहीस. एकोणीस वर्षांत आपण दोघा भावांनी एकमेकांना एक ओळ लिहिली नाही. आता मी लिहितोय ते म्हातारपणी मऊ पडलोय म्हणून नव्हे. पत्ता नॉर्माकडून घेतला. तुझी बायको होती तेव्हा जशी फटकळ होती तशीच अजून आहे. म्हणाली, "भांडण उकरून काढायला हवा असेल तर मिळणार नाही." मी म्हटलं, तुमच्या मुलाच्या, वेडच्या, कामासाठी हवाय. ते खोटं नाही.

वेड अठ्ठावीसचा झाला. चार वर्षं माझे घोडे तोच हाकतो, आणि या उन्हाळ्यात जत्रांच्या शर्यतींत त्याने अकरा शर्यती मारल्या. लोक माझी पाठ थोपटतात, कारण तू गेल्यावर त्याच्या हातात लगाम मी दिला. तरी तो सुटला की मी त्याच्याकडे नाही, त्याच्या मागच्या घोड्याकडे बघत राहतो. हे ज्याच्याशी बोलावं असा माणूस इथे उरला नाही, म्हणून तुझ्या गळ्यात घालतोय.

हल्लीचे ड्रायव्हर तू पाहिलेले नाहीस. घोड्यामागच्या दोन चाकांच्या गाडीत इतके रेलून बसतात की मागच्या घोड्याचं नाक यांच्या टोपीला लागावं. आपण पहाटे लीद काढायचो, घोडा फिरवायचो, त्याचा कुठला पाय दुखतोय ते लगामातून हाताला कळायचं. आता ड्रायव्हर घोड्याला पहिल्यांदा भेटतो तेव्हा घोडा जुंपून उभा असतो. याने मोबाइलवर त्याच्या मागच्या सहा शर्यती वाचलेल्या असतात, झाला अभ्यास! मग सगळे आतल्या कडेने रांग लावतात. बाहेर पडून पुढच्याला भिडायचं प्रत्येकाच्या जिवावर येतं. शेवटच्या वळणावर चाबूक वाजवला, पाय झाडले, की यांचं कौशल्य संपलं.

वेड तसा आळशी नाही. त्याचं दुखणं निराळं आहे. तो झपाट्याने सुटतो, पहिल्या वळणाआधी पुढे जातो, कड धरतो, आणि पलीकडच्या सरळ बाजूला वेग चोरतो. पुढचा वेग चोरणारच, त्यात गैर काही नाही. घोड्याला दम घेऊ द्यायचा तर तिथेच. पण आपल्या वेळी लगाम आवळण्याआधी मान वळवायची आणि "आवळतोय!" म्हणून मागच्याला हाक द्यायची. वेड मानही वळवत नाही आणि हाकही देत नाही. एकदम आवळतो.

तू त्याला एक फोन कर. तुझं नाव काढलं की तो विषय तोडतो हे मला माहीत आहे. पण मागच्या जागेवरून शर्यत कशी दिसते, हे तुझ्याइतकं आमच्यात कुणालाच कळत नव्हतं.

व्हर्ल


२४ जुलै

लीलंड,

फोन केला नाहीस. हरकत नाही, मी तुझ्या जागी असतो तर मीही केला नसता.

शनिवारी शेजारच्या जिल्ह्याच्या जत्रेत डेनी ब्रूबेकर वेडच्या मागे होता. तुला डेनी आठवेल, विसाव्या वर्षीच टक्कल पडलेला. वेडने आवळलं आणि डेनीच्या घोड्याचा नाल थेट वेडच्या चाकावर वाजला. प्रेक्षकांपर्यंत आवाज आला. घोड्याची चाल मोडली, दुडकी सोडून तो उधळला, पण डेनीने कसाबसा बाहेर काढला. गाड्या परत आल्यावर डेनी तबेल्यात शिरला तोच ओरडत.

"डोळे कुठे असतात रे तुझे? मागे माणसं आहेत!"

वेड घोड्याचे पट्टे सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "मागच्याने मागचं बघावं. तू इतका चिकटून कशाला बसतोस? थंडी वाजते का?"

चारजण हसले. डेनी हसला नाही. तो माझ्याकडे वळला. "व्हर्ल, हे पोर कुणाला तरी मारणार. मी तुझ्या तोंडावर सांगून ठेवतोय."

तो गेल्यावर मी वेडला म्हटलं, "हाक द्यायची रे. एक शब्द तर आहे."

"काका, तुम्हीच शिकवलंत ना? पुढच्याने पुढे बघायचं, मागचा मागचं बघेल. आणि हाक दिली तर मागच्याला कळतं की माझा घोडा दमलाय. तेही तुमचंच वाक्य."

आडात असेल तेच पोहऱ्यात येणार. मी चाक तपासलं, त्याच्या आऱ्यांवरची तडा गेलेली तबकडी बदलली आणि जेवायला गेलो.

ऑरिन पेपही तिथे होता. एकही जत्रा चुकवत नाही. त्याची चाकांची खुर्ची कठड्याला लावून बसतो, मांडीवर मक्याची कणसं, आणि प्रत्येक ड्रायव्हरची हजेरी घेतो. मला बघून म्हणाला, "काय व्हर्ल, पुतण्या अगदी तुझ्यावर गेलाय!" तो हसत होता. मी त्याच्या जवळ फार वेळ थांबत नाही.

व्हर्ल


६ ऑगस्ट

लीलंड,

आज लिहायचं नव्हतं, पण डोक्यातून जात नाही.

पुढच्या घोड्याच्या पाठची जागा म्हणजे शर्यतीतली सगळ्यात चांगली जागा, हे तुला मी सांगायला नको. पुढचा वारा कापतो, तुम्ही त्याच्या आडोशाला फुकट चालता आणि शेवटी ताज्या घोड्यानिशी बाहेर पडता. त्या जागेसाठी पहिल्या वळणावर शिव्या, चाबूक, कोपरं, सगळं चालतं. तुझं तर ते घरच होतं.

गेल्या दोन जत्रांत वेडच्या मागची जागा रिकामी राहिली. तो पुढे, आणि दुसरा घोडा तीन घोड्यांच्या अंतरावर. तिथे शिरायला मोकळीक असूनही कुणी शिरत नाही. एकदा एक परगावचा ड्रायव्हर शिरला, त्याला डेनीने बाजूने काहीतरी सांगितलं, तसा त्याने लगाम ओढून अंतर सोडलं. भोंग्यावरचा निवेदक म्हणाला, "वेड केसनच्या मागे आज कुणाला उभं राहायचं नाही, आंघोळ केली नाही की काय!" लोक हसले. पंचांना वाटलं बाकीचे ढिलाई करतायत. त्यांनी तिघांना बोलावून समज दिली.

वेड खूश आहे. पाठीवर कुणी नाही, मनाला येईल तेव्हा आवळावं, मनाला येईल तेव्हा सोडावं. दोन्ही शर्यती हसत जिंकला. "घाबरतात मला," असं म्हणत होता, आणि मला वाटतं, तो खरंच तसं समजतो.

मला ते रिकामं अंतर बघवत नाही. असं अंतर मी आधी पाहिलंय.

व्हर्ल


१५ ऑगस्ट

लीलंड,

तुझं कार्ड मिळालं. संत्र्यांच्या बागेचं चित्र, आणि मागे पाच शब्द: "त्याच्या मागे सध्या कोण बसतं?"

माझं सहा तारखेचं पत्र आणि तुझं कार्ड वाटेत एकमेकांना ओलांडून गेलेले दिसतात. म्हणजे मी सांगण्याआधीच तुला कळलं होतं कुठे बोट ठेवायचं. कार्ड आल्यापासून ते मी खिशात घेऊन फिरतोय. आज तबेल्यात बादली उलटी घालून बसलोय आणि लिहितोय, कारण घरात टेबलापाशी बसलो की हात चालत नाही.

तू पडलास त्या वर्षानंतर दोन उन्हाळे माझ्या मागे कुणी बसलं नाही. तू तेव्हा फ्लोरिडाला गेला होतास, तुला ते कुणी सांगितलं नसेल. तोंडावर मला कुणी एक शब्द बोललं नाही. सगळे माझ्याशी हसून बोलत, माझ्याकडचं बटाट्याचं सॅलड खात, आणि शर्यतीत माझ्यामागे तीन घोड्यांचं अंतर ठेवत. पंचांना मी फसवलं होतं, ड्रायव्हरांना नाही.

आता सगळं लिहितो. तुला ते माहीत आहे, पण मी ते कधी म्हटलेलं नाही.

पलीकडच्या सरळ बाजूला मी आवळलं. जेमतेम वीस ढांगा. घड्याळ खांबाखांबाला लावतात, दोन खांबांच्या मधल्या वीस ढांगा कुणाच्याच घड्याळात येत नाहीत, आणि नंतर घोडा सोडून मी वेळ भरून काढली. मी मान वळवली नाही. हाकही दिली नाही, कारण घोडा दमला होता आणि ते तुला कळू द्यायचं नव्हतं. तुला! सख्ख्या भावाला! तुझ्या घोड्याचा पाय माझ्या चाकावर चढला, तू पडलास, आणि ऑरिन तुझ्यावरून गेला तो मानेवर आपटला.

पंचांनी विचारलं, वेग कायम होता का? मी म्हटलं, "कायम होता. लीलंड दोन रात्री झोपला नव्हता, त्याला डुलकी लागली असणार." दोन रात्री तू जागा होतास ते खरंच होतं. पोट दुखत असलेल्या माझ्याच घोडीपाशी. खऱ्याला खोटं चिकटवलं की ते घट्ट बसतं. तुझा परवाना वर्षभर गेला, आणि तू परत मागितलाच नाहीस. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आपल्या धंद्यात ठेच लावतो पुढचा आणि पडतो मागचा.

यात आणखी एक आहे, आणि ते जास्त वाईट. वेड तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याने मला विचारलं, "बाबा झोपले होते का?" मी हो म्हटलं. तेव्हापासून तो तेच धरून आहे. म्हणून तो मागे बघत नाही. त्याच्या लेखी जो मागे असतो आणि पडतो, तो झोपलेलाच असतो.

व्हर्ल


२१ ऑगस्ट

लीलंड,

त्याला सांगायचं ठरवून काल बसलो होतो. माझ्या हॅटी घोडीच्या पायांना पट्ट्या बांधताना सुरुवातही केली. "वेड, तुझ्या बापाबद्दल..." एवढं म्हणालो आणि तो म्हणाला, "काका, झोपणाऱ्याबद्दल बोलून आपला दिवस का खराब करायचा?" मी पट्टी बांधून संपवली. त्याहून पुढे गेलो नाही. भित्रा म्हणशील तर म्हण, कबूल आहे.

गुरुवारी आपल्या गावची जत्रा. वेड सेक्स्टन नावाचा दुसऱ्यांचा घोडा हाकणार. त्या शर्यतीत बाहेरगावचे चार ड्रायव्हर आहेत, त्यांना इथली भानगड माहीत नाही. त्यातली एक मुलगी आहे, बावीस वर्षांची, चांगली हाकते, आणि तिची सुटायची जागा सेक्स्टनच्या शेजारी. ती पहिल्या वळणावर त्या जागेत शिरणार हे मला आताच दिसतंय. कुठलाही शहाणा ड्रायव्हर शिरेल.

मी पंचबाईंकडे गेलो होतो. मिसेस ऑल्थॉफ म्हणाल्या, "तक्रार लेखी आहे? कुणी पडलंय?" मी म्हटलं, अजून नाही. "मग मी कशावर सही करू, व्हर्ल? आपल्याच पुतण्याविरुद्ध येताय, घरातलं काही असेल तर घरात मिटवा." वेडला घोडा देऊ नये म्हणावं तर सेक्स्टनचे मालक त्याच्यासाठी हटून बसलेत. माझा घोडा असता तर काढून घेतला असता.

येताना ऑरिन भेटला. त्याला म्हटलं, "तू त्या दिवशी काय पाहिलंस रे?" एकोणीस वर्षांत मी त्याला हे विचारलं नव्हतं. त्याने कणीस खाली ठेवलं.

"मी लीलंडच्या मागे होतो. मला फक्त त्याची पाठ दिसत होती."

"आणि?"

"झोपलेल्या माणसाची पाठ तशी नसते, व्हर्ल."

"मग पंचांना बोलला का नाहीस?"

"तीन महिने तोंडात नळी होती माझ्या. नळी निघाली तोवर सगळं ठरलं होतं. मग म्हटलं, ज्याचं त्याला माहीत आहे, तो येईल बोलायला." त्याने पुन्हा कणीस उचललं. "तू चालत येऊ शकतोस. तरी वेळ लावलास."

माझा परवाना अजून चालू आहे. हॅटी त्याच शर्यतीत आहे, आणि तिचा ड्रायव्हर मी आज बदलून घेतला. गुरुवारी वेडच्या मागे मी बसणार. ती मुलगी शिरण्याआधी मी शिरेन. तो कुठे आवळतो ते मला यार्डायार्डाने ठाऊक आहे, कारण ती जागा मीच त्याला दाखवली. सदुसष्टाव्या वर्षी हे करू नये हे मला कळतं.

व्हर्ल


२ सप्टेंबर
जिल्हा रुग्णालय

लीलंड,

अक्षर वेडंवाकडं आहे ते डाव्या हाताचं. उजव्या खांद्याचं हाड आणि खुबा, दोन्ही गेले. डॉक्टर म्हणतात चालेन. हॅटी गेली. तिचा पुढचा पाय तुटला, तिथेच तिला संपवावं लागलं. आठ वर्षं रोज पहाटे ती माझ्या हाताला तोंड लावायची. तिने काय केलं होतं कुणाचं?

सुटण्याआधी मी वेडला म्हटलं होतं, "आज तुझ्या मागे मी आहे. हाक दे." तो हसला, "या वयात आडोसा लागतो वाटतं!" मी पहिल्या वळणावर त्या मुलीच्या आधी शिरलो, तिने मला सणसणीत शिवी दिली. पलीकडच्या बाजूला माझे डोळे त्याच्या खांद्यांवर होते. बाहेरून डेनी माझ्या बरोबरीला आला, आत कठडा. वेडचे खांदे मागे गेले. मी ओरडलो, लगाम ओढला, सगळं केलं. तरी हॅटीचा पाय चाकावर चढला. मला माहीत असून वेळ पुरला नाही, लीलंड. तुला तर माहीतही नव्हतं.

ती मुलगी आमच्याही मागे होती. तिने घोडा बाहेरून काढला, तिला खरचटलंही नाही. एवढंच काय ते बरं झालं.

गेल्या शनिवारी मिसेस ऑल्थॉफ इथे आल्या, हातात कागद. चित्रफितीत काही दिसत नाही, मधल्या मैदानातला ट्रॅक्टरने ओझं ओढायच्या स्पर्धेचा मंडप आड आला. वेड खिडकीपाशी उभा होता. माझ्याजवळ दोन दिवस बसून होता, मला पाणी पाजत होता, हेही तुला सांगायला हवं. बाईंनी त्याला विचारलं, "वेग कायम होता का?"

"कायम होता," वेड म्हणाला. "काका थकले होते. डुलकी लागली असेल."

शब्द माझे होते. आवाजही माझाच होता. आणि तो खोटं बोलतोय असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं.

मी हो म्हटलं असतं तर त्याचा परवाना वाचला असता. माझा गेला असता, त्याचं मला काय? आयुष्यभर मी त्याचं करत आलो, हे शेवटचं करायला किती सोपं होतं! तुझं नाव धुवायचं तर तुझ्याच मुलाला बुडवावं लागणार होतं. मी बाईंना म्हटलं, "नाही. त्याने वीस ढांगा आवळलं, हाक न देता. आणि ते त्याला मी शिकवलं. दुसरा कागद आहे का? एकोणीस वर्षांपूर्वीचंही लिहून घ्या." सगळं सांगितलं. डाव्या हाताने दोन्ही कागदांवर सही केली.

वेड तिथेच उभा. बाई गेल्यावर म्हणाला, "बाबा जागे होते?"

"जागा होता."

"आणि तुम्ही मला रोज जेवायला वाढत होतात. बाबांबद्दल मी बोलायचो ते ऐकत होतात."

"हो."

त्याने पाण्याचा पेला भरून माझ्या हाताशी ठेवला आणि निघून गेला. परत आलेला नाही. त्याचा परवाना वर्षभर गेला. ड्रायव्हर त्याच्याशी बोलत नाहीत, मला तो बघणार नाही, इथे त्याचं आता कुणी नाही. नॉर्मा काल आली होती. त्याने तुझा पत्ता मागून घेतला म्हणाली. येत्या शनिवारी ट्रक घेऊन निघतोय, हे पत्र त्याच्या आधी पोहोचेल. त्याला तिथे काय करायचंय ते तो सांगत नाही. तीन दिवस त्याने धड खाल्लेलं नाही आणि तिला त्याची भीती वाटते.

मला क्षमा कर असं मी लिहिणार नाही, तेवढी अक्कल आली आहे. शिव्या लिहून पाठव, मी प्रत्येक वाचेन. पण तो दारात आला तर आधी त्याला बसव. काही बोलणार नाही, नुसता उभा राहील. उर्मट दिसेल. तसा तो नाही, माझ्या हाताखाली वाढलाय एवढंच. तू त्याला नऊ वर्षांचा बघितलास. पटकन ओळखू येणार नाही, म्हणून सांगतो: उभा राहण्याची ढब तुझी आहे.

व्हर्ल